रोजची वही आणि प्रभूचं मेज

एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा आशय देते. त्यांचं वय चाळिशीच्या आसपास आहे. त्या लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढल्या आणि बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवत होत्या. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं यांनीच केलं. शेवटच्या आठवड्यात एका रात्री सासूबाईंनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं, तेव्हा या ओरडल्या, "आता तरी झोपू द्या मला!" त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या.

तेव्हापासून त्या रोज रात्री दिवसभरातली पापं एका वहीत लिहितात. त्या रात्रीची गोष्ट नवऱ्यालाही सांगितलेली नाही. उपासनेत प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायची, वेळ आली की काहीतरी निमित्त काढून बाहेर जातात, कारण अयोग्य रीतीने भाकर घेणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो अशी त्यांना भीती आहे. संडे स्कूलही सोडलं. "मी त्या लायक नाही" असं सांगितलं, तर लोक म्हणाले, किती नम्र बाई! ते ऐकून क्षणभर बरं वाटलं आणि रात्री तेही वहीत गेलं. त्या विचारतात, "आपण आपला न्याय केला तर आपला न्याय होणार नाही, असं पौलच म्हणतो ना? मग मी करते ते चूक कसं? देव मला क्षमा करीलही, पण मी स्वतःला करू शकत नाही. भाकर घ्यायला, मुलांपुढे उभं राहायला मी लायक कधी होणार?"

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. लायक कधी होणार? कधीच नाही. हे तुम्हाला खचवायला सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते. पहिल्या प्रभुभोजनाला मेजाभोवती कोण होतं ते शुभवर्तमानात लूकने लिहून ठेवलं आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा हात त्याच मेजावर होता. भाकर आणि प्याला देऊन झाला आणि तिथल्या तिथे शिष्यांमध्ये वाद लागला, आपल्यात मोठा कोण? पेत्र काही तासांत "मी त्याला ओळखत नाही" म्हणणार होता आणि तसं येशूने त्याला तोंडावर सांगितलंही. बाकीचेही त्याच रात्री पळून गेले. हे सगळं ठाऊक असताना येशूने भाकर मोडली आणि त्यांच्या हातात दिली. लायकी बघून द्यायचं ठरवलं असतं तर त्या रात्री कुणालाच भाकर मिळाली नसती.

तुम्हाला अडवणारं वचन प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात आहे. ते एकटं काढून वाचलं की धडकी भरते, हे मलाही मान्य आहे. पण आज ते 17व्या ओवीपासून वाचा. करिंथची मंडळी एकत्र जेवायला जमायची. काही जण इतरांची वाट न बघता आपलं जेवण उरकायचे. कुणी झिंगेपर्यंत प्यायचं, आणि ज्यांच्यापाशी काहीच नव्हतं ते उपाशी बसून हे बघायचे. पौल संतापला तो या वागण्यावर. गरीब भावंडांना लाजवून तुम्ही प्रभूचं भोजन घेता तरी कसं, हा त्याचा सवाल आहे. केलेल्या चुकीने मन पोळलेल्या आणि भाकर हातात घ्यायलाही घाबरणाऱ्या बाईबद्दल तो तिथे बोलत नव्हता. आणि त्याने उपाय काय सांगितला? प्रत्येकाने स्वतःला पारखावं आणि मग खावं. पारखावं आणि उठून बाहेर जावं, असं त्याने लिहिलेलं नाही. अध्यायाच्या शेवटी तर तो इतकंच सांगतो की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

"आपण आपला न्याय केला तर" हे तुमचं वचनही याच संभाषणातलं आहे. आपण मंडळीत कसं वागतो ते आपलं आपण ओळखलं असतं तर प्रभूला आपले कान धरावे लागले नसते, असा त्याचा रोख. ते टाळू नये. पण याच पत्राच्या चौथ्या अध्यायात याच पौलाने लिहिलं आहे की मी स्वतः स्वतःचाही न्यायनिवाडा करत नाही. माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही; माझा न्याय करणारा प्रभू आहे. एकच माणूस एकाच पत्रात दोन्ही लिहितो, तेव्हा दोन्ही एकत्र धरून वाचायला हवं.

मला ते असं समजतं. आपण काय केलं ते खरं खरं बघणं, त्याचं नाव घेऊन देवापुढे ठेवणं, दुरुस्त होण्यासारखं असेल ते दुरुस्त करणं, एवढं आत्मपरीक्षण आपल्याकडे सोपवलेलं आहे. आपण एकंदर कोण आहोत, देवाच्या घरात आपल्याला जागा आहे की नाही, हा निकाल आपल्याकडे सोपवलेला नाही. "मी निर्दोष" असा निकाल माणसाने स्वतःला दिला की आपण त्याला गर्व म्हणतो. "मी दोषी, मी अपात्र, मला बाहेर काढा" हा निकालही तितकाच अधिकाराबाहेरचा आहे, मात्र तो ऐकायला नम्र वाटतो, म्हणून कुणी हटकत नाही. तुमच्या मंडळीतही कुणी हटकलं नाही. कौतुकच झालं.

येशूच्या दाखल्यातले, मंदिरात प्रार्थनेला गेलेले परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (कर वसूल करणारा, लोकांच्या लेखी पापी) तुम्ही मुलांना कितीदा तरी शिकवले असतील. परूश्याकडे यादी होती: आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दशांश. जकातदाराकडे यादी नव्हती. त्याने लाच किती घेतली, कुणाला नाडलं, याचा पाढा त्याने वाचला नाही. एक ओळ म्हटली, दया मागितली आणि घरी गेला. तोच नीतिमान ठरून घरी गेला, असं येशू म्हणतो. तुमच्या वहीत लिहिलेलं सगळं जकातदाराच्या बाजूचं वाटतं, पण रोजचा हिशेब ठेवून त्यावर आपलं स्थान ठरवायची रीत परूश्याची आहे. दोन्हीकडे नजर स्वतःवरच खिळलेली राहते.

ताई, आता एक विनंती. हे वाचून आज रात्री वहीत "मी परूशी आहे" अशी ओळ लिहू नका. तुम्ही ती लिहाल अशी मला खात्री वाटते, म्हणून आधीच सांगते. तुमच्यावर नवा आरोप ठेवायचा नाही मला. हे ओझं तुम्ही उचलायचं नव्हतंच, एवढंच दाखवायचं आहे.

त्या रात्रीबद्दल बोलू. "त्यात काय एवढं" असं मी म्हणणार नाही. ते चुकलंच. बोललेलं त्या आजारी जिवाला लागलं असेल. देवापुढे ते पाप म्हणूनच ठेवा, त्याला थकव्याची सबब जोडायची गरज नाही. पण तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात आहे: "(नंतर उठून पाणी दिलं, उशी सारखी केली)". दोन पानं त्या एका ओरडण्याबद्दल आहेत आणि पाणी दिल्याचं कंसात. तुमच्या न्यायालयात बचावाचा साक्षीदार उभाच राहू दिला जात नाही. ओरडणं आणि पाणी देणं यांची वजाबाकी करून काहीतरी शिल्लक दाखवावी, असं मी सुचवत नाही. कृपेला अशा हिशेबाची गरज नसते. एवढंच म्हणते की तुम्ही अर्धंच बघता आणि देव सगळं बघतो. आपण माती आहोत हे तो आठवतो, असं 103वं स्तोत्र म्हणतं. दोन वर्षं रात्री-अपरात्री उठणारं शरीर मातीचं होतं हे त्याला ठाऊक आहे. योहानाने तर तुमच्यासाठीच लिहावं तसं लिहिलं आहे: आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सर्व कळतं. त्याला सगळं कळतं या गोष्टीची तुम्हाला भीती वाटते. योहानाला त्यातच धीर सापडला.

स्वतःला क्षमा करणं जमत नाही, असं तुम्ही लिहिता. मला शास्त्रात अशी आज्ञा कुठे सापडली नाही. क्षमा देणारा देव आहे, आपण ती घ्यायची असते. ज्याने क्षमा करायची त्याने केली, तर त्याच्याही वरचं कोर्ट आपण कशाला भरवायचं? तुम्हाला आतून हलकं वाटेपर्यंत क्षमा लागू होत नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही. वाटणं मागाहून येतं, कधी फार मागाहून.

आता यहूदा आणि पेत्र यांच्याकडे बघा. यहूदाला पस्तावा झाला नाही असं आपण गृहीत धरतो, पण मत्तय वेगळं सांगतो. त्याला पस्तावा झाला. तीस रुपये त्याने परत नेऊन दिले, निर्दोष माणसाला धरून दिल्याची कबुली दिली. "त्याचं आम्हाला काय?" असं याजक म्हणाले. मग त्याने स्वतःचा निकाल स्वतः लावला आणि अंमलही स्वतःच केला. पेत्रही रडला, ढसढसा रडला. पण पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशू आहे असं कळताच तो पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. दोघांचीही पापं मोठी होती, दोघांचंही दुःख खरं होतं. एक दुःख घेऊन एकटा पडला, दुसरा ते घेऊन येशूकडे गेला.

त्या काठावर काय झालं ते सावकाश वाचण्यासारखं आहे. कोळशांचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. असाच कोळशांचा विस्तव प्रमुख याजकाच्या वाड्यात होता आणि त्याच्याशी शेकत उभं राहून पेत्राने नाकारलं होतं. येशू आधी जेवू घालतो. मग विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तीनदा विचारतो. "का नाकारलंस?" असं एकदाही विचारत नाही. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटतं आणि तो म्हणतो, प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे, मी तुझ्यावर प्रेम करतो हे तू जाणतोस. तो आपल्या बाजूने पुरावे देत नाही, आपल्या विरुद्धही देत नाही. दोन्ही येशूच्या माहितीवर सोडतो. नम्रता म्हणतात ती मला या वाक्यात दिसते. आणि पहिल्याच उत्तराबरोबर त्याच्या हाती काम येतं: माझी कोकरं चार. आधी काही वर्षं नीट वागून दाखव, अशी अट नाही.

मग काहीही केलं तरी चालेल का, असं तुमच्या मनात आलं असेल. लोकांना नाडणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट आठवा. येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तेव्हा त्याने एक पैसाही परत केलेला नव्हता. लोक कुरकुरलेही. स्वीकार आधी झाला, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, नाडलेल्यांना चौपट, हे त्यानंतर आलं. कृपेने माणूस बेफिकीर होत नाही. भीती उतरली की दुरुस्तीला हात मोकळे होतात.

तुम्ही या वाटेवरच्या एकट्या नाही. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 1522 साली मॉन्सेरातच्या मठात आयुष्यभराच्या पापांची कबुली लेखी दिली. त्याला तीन दिवस लागले. तरी पुढे मान्रेसा गावी असताना काहीतरी सांगायचं राहिलं, ही शंका त्यांना सोडेना. पुन्हा पुन्हा कबुली द्यायचे, पण समाधान नाही. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितलं, जुन्यातलं जे अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगा. त्याचाही उपयोग झाला नाही, कारण त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले. शेवटी त्यांनी ठरवलं, मागच्या पापांची कबुली आता पुन्हा द्यायची नाही. तिथून ते मोकळे झाले. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा सुरू करणारे मार्टिन लूथर यांचंही मठात असताना असंच चाललं होतं. तासन्‌तास कबुली द्यायचे, आणि त्यांचे वडीलधारे स्टाउपिट्झ त्यांना ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला सांगायचे. देवाच्या कृपेविषयी पुढे इतकं सांगणाऱ्या या दोघांनाही एका टप्प्यावर मोजदाद थांबवावी लागली.

तर वही बंद करा. फाडू नका, जाळू नका, त्याचाही सोहळा होतो. कुणाकडे तरी ठेवायला द्या. जखमेवरची खपली रोज काढून बघितली तर ती भरणार कशी? रात्री 139व्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओव्या म्हणा. त्यात मन पारखण्याचं काम देवालाच सांगितलं आहे. त्यानंतर एखादी नेमकी गोष्ट आठवली, अमक्याला अमुक बोलले, तर तिचं नाव घ्या, क्षमा मागा, उद्या काय करायचं ते ठरवा. काही आठवलं नाही तर उकरत बसू नका. प्रभूची प्रार्थना एकदा म्हणा आणि झोपा. देवाचा आत्मा पाप दाखवतो तेव्हा ते नेमकं असतं आणि पुढे करायचं काहीतरी हाती देतं. "तू मुळातच अशी" असं गोलगोल फिरणारं आणि काहीच करू न देणारं बोलणं आलं, तर ते देवाकडून आलंय असं मानू नका. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, दोष देणाऱ्याचं नाव वेगळं, सैतान असं, सांगितलं आहे.

नवऱ्याला सांगा. आई त्यांची होती. एखाद्या निवांत वेळी साधेपणाने म्हणा, "आईंना शेवटच्या आठवड्यात मी एकदा फार तोडून बोलले. सांगायचं राहिलं होतं." पुढे स्पष्टीकरण नको. ते रागावतील, रडतील, किंवा "माझंही असं झालं होतं" म्हणतील. जे होईल ते होऊ द्या, पण "मी वाईट आहे का?" हे त्यांना विचारू नका. न्यायाधीश बदलून खटला मिटत नाही. पाळकांकडेही एकदा जा. त्यांच्यापुढे कबुली द्या आणि क्षमेचं वचन दुसऱ्याच्या तोंडून, आपल्या कानांनी ऐका. एकदाच. त्याच पापासाठी दर आठवड्याला खात्री करून घ्यायला जायची सवय लागली तर तीच नवी वही होईल.

इथे मला आणखी एक सांगायला हवं, तुमच्यासाठी आणि असं पत्र लिहिता लिहिता थांबलेल्या इतरांसाठी. पापाच्या शंका दिवसातले तास खाऊ लागल्या, प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागली, कबुली दिल्यावर थोडाच वेळ बरं वाटून पुन्हा तेच सुरू झालं, तर तो मंत्रचळ (तेच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार, ओसीडी) असू शकतो. धार्मिक विषयांवर येणारा मंत्रचळ डॉक्टरांच्या ओळखीचा आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत, बोलून करायचेही आणि औषधांचेही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याने विश्वास कमी पडला असं होत नाही. जगू नये असे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, आजच घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. सासूबाई गेल्याचं दुःखही अजून ताजं आहे. त्यातलं बरंचसं तुम्ही अपराधाच्या खात्यात टाकलं असावं, असं पत्र वाचताना मला वाटलं. त्यांच्यासाठी रडायला तुम्हाला वेळ मिळाला का?

प्रभुभोजनाला पुढच्या वेळी बसून राहा. तयारी म्हणून आदल्या रात्री जास्त काही करू नका. भीती वाटेल, हृदय धडधडेल, ते तसं असतानाच भाकर घ्या. ते अगदीच जमलं नाही तर त्या दिवशी निदान बाहेर जाऊ नका.

संडे स्कूलचा निर्णय मात्र घाईने नको. "मी कोण?" असं मोशेने देवाला विचारलं तेव्हा देवाने त्याला त्याचे गुण सांगितले नाहीत. मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच म्हटलं. तुमच्या लायकीचा प्रश्न तिथे संपतो. पण दमणुकीचा प्रश्न उरतो आणि तो खरा आहे. दोन वर्षांची शुश्रूषा आणि त्यावर हा शोक, एवढ्यानंतर लगेच वर्ग हातात घेणं झेपेलच असं नाही. मुलांची ओढ वाटत असेल तर आधी दुसऱ्या शिक्षिकेच्या मदतीला बसा, गोष्ट त्यांना सांगू द्या, तुम्ही मुलांजवळ असा. ओढ वाटत नसेल, नुसता शीण वाटत असेल, तर पाळकांकडे रीतसर काही महिन्यांची सुटी मागा. कारण विचारलं तर दमले आहे असं सांगा. लायक नाही हे कारण देऊ नका. ते खरं आहे, पण ते बाकीच्या सगळ्या शिक्षकांनाही लागू आहे, आणि त्यांचे वर्ग चालू आहेत.